सकाळी सातचं रक्त

एम.एस्सी.ला बायोकेमिस्ट्री घेतली, हे मी घरी सांगितलं तेव्हा अण्णा ओट्यावर आरसा टेकवून दाढी करत होते. अण्णा म्हणजे माझे वडील. पैठणजवळच्या आमच्या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक होते, आणि शाळा सुटली की शेताकडं चक्कर. त्यांनी अर्ध्या गालावर साबण तसाच ठेवून विचारलं, "म्हणजे बायो का केमिस्ट्री?"

"दोन्ही."

"दोन्ही कसं? एक काय ते सांग."

मी म्हटलं, "आपण भाकरी खातो ना, तिचं पुढं शरीरात काय काय होतं, ते शिकवतात."

पैठणहून आलेली आत्या शेजारीच शेंगा फोडत बसली होती. ती इतकी हसली की तिला ठसका लागला. "अगं, भाकरीचं पुढं काय व्हतं ते आमच्या म्हशीलाबी ठावं हाय. त्याला दोन वर्षं कशाला लागत्यात?"

खरं सांगायचं तर मला केमिस्ट्रीच हवी होती. केमिस्ट्रीच्या यादीत नाव लागलं नाही. प्रवेशाच्या खिडकीवरच्या बाबूनं माझा अर्ज उलटसुलट करून, "बायोकेमला जागा हाय, घ्यायची तर घ्या, नाय तर पुढच्या साली या," असं सांगितलं आणि मागच्या मुलाचा अर्ज हातात घेतला. माझ्याकडं विचार करायला त्या मुलाचा अर्ज वाचून होईपर्यंतचा वेळ होता. मी हो म्हटलं. आयुष्यातला एवढा मोठा निर्णय मी अशा रांगेत, मागच्याचं कोपर पाठीत टोचत असताना घेतला, हे आठवलं की अजून चिडचिड होते.

औरंगाबादला आम्ही विभागात चौदा जण होतो. पहिलं वर्ष पाठांतरात गेलं. ग्लुकोज पेशीत शिरल्यापासून त्याचे तुकडे कसकसे होतात, ती दहा पायऱ्यांची साखळी मी होस्टेलच्या भिंतीवर खडूनं लिहून ठेवली होती. वॉर्डनबाईंनी ती पुसायला लावली. पुन्हा लिहिली, पुन्हा पुसायला लावली. तिसऱ्यांदा लिहायची गरज पडली नाही. पाठ झाली होती.

पाठांतराचं मला काही वाटायचं नाही, वैताग यायचा तो प्रयोगशाळेचा. वीज रोज अकराच्या सुमारास जायची, म्हणजे नेमकं प्रॅक्टिकल रंगात आल्यावर. आमच्याकडं नळ्या गरगरा फिरवून रक्तातल्या पेशी आणि वरचा द्रव वेगळे करणारं एक जुनं सेंट्रीफ्यूज होतं. समोरासमोरच्या नळ्यांचं वजन तंतोतंत सारखं नसलं की ते टेबलावरून चालायला लागायचं. दोघांनी ते दोन्ही बाजूंनी धरून उभं राहायचं. आणि कोपऱ्यातल्या खोलीत विभागाचं सगळ्यात महागडं यंत्र होतं, मिश्रणातला एकेक घटक वेगळा करून मोजणारं एचपीएलसी. औषधाच्या कारखान्यांत या यंत्रावाचून पान हलत नाही, असं आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं गेलं. त्यावर जांभळं मखमली कापड घातलेलं होतं. दोन वर्षांत ते कापड मी तीनदा काढलेलं पाहिलं: दोनदा पाहुणे आले तेव्हा आणि एकदा धुवायला.

दुसऱ्या वर्षी प्रकल्प करायचा होता. माझे मार्गदर्शक सर कडक होते. बोलायचे कमी, आणि बोलले की टोचून. त्यांनी मला सीताफळ दिलं. म्हणजे विषय दिला. सीताफळाचा गर काढून ठेवला की काळा पडतो. तो काळा पाडणारं जे एन्झाइम असतं ते वेगळं काढायचं, मोजायचं, आणि त्याला कसं थोपवता येतं ते बघायचं. दौलताबादच्या बाजूनं सीताफळं भरपूर येतात म्हणून हा विषय, असं ते म्हणाले. मला तो अपमान वाटला. मैत्रिणीला उंदराचं यकृत मिळालं होतं, दुसरीला माणसाचं रक्त. मला फळ!

हंगामात मी रोज सकाळी दौलताबादच्या रस्त्यावर जायची. तिथं किल्ल्याच्या खालच्या बाजूला बायका पाट्या घेऊन बसायच्या. त्यांच्यातली एक मला ओळखायला लागली. मी फळ दाबून बघायची, डोळे मोजायची, वहीत वेळ लिहायची. ती दुसरीला म्हणाली, "ही पोरगी सीताफळाची कुंडली मांडती."

फळं आणायची, बर्फात गर काढायचा, फ्रीजमध्ये ठेवायचा. वीज गेली की फ्रीज गरम. वीज आली की गर काळाठिक्कर. एकदा सगळं जमून आलं, सहा नळ्या तयार झाल्या, आणि उरलेलं अर्धं फळ मी झाकून ठेवलं होतं ते वर्गातल्या दोघांनी खाऊन टाकलं. "छान गोड होतं," असंही सांगितलं. मी त्या दिवशी जिन्यात बसून रडले.

सर आकडे बघायला यायचे. सुरुवातीचं एकही वाक्य शाबासकीचं नसायचं. ते एकच विचारायचे, "फळ झाडावरून कधी काढलं?"

"माहीत नाही सर. बाईकडून सकाळी आठला घेतलं."

"तिनं कधी काढलं?"

"ते कसं कळणार?"

"मग तुझा हा आकडा कशाचा आहे, ते तरी तुला कसं कळणार?" असं म्हणून ते वही मिटायचे. "नमुना मेलेला नसतो. तू त्याला नळीत घातलंस म्हणून तो थांबत नाही. काम करतच राहतो. घड्याळ लिहीत जा."

त्या घड्याळाचा मला इतका राग आला होता! शेवटी एका पहाटे मी त्या बाईबरोबर तिच्या झाडांपाशी गेले, तिनं फळ तोडलं तेव्हाची वेळ लिहिली, आणि तिथून बर्फाच्या डब्यात घालून विभागात आणलं. पहिल्यांदा आकडे एका रेषेत आले. सर म्हणाले, "ठीक आहे." दोन वर्षांत मला मिळालेली ही सगळ्यात मोठी दाद.

पास झाले. पहिल्या वर्गात. आणि मग खरा वैताग सुरू झाला.

अण्णांना वाटत होतं, बी.एड. करावं, शाळा बघावी. मी चौकशीला गेले. तिथल्या बाईंनी कागद बघून सांगितलं, "तुमची बी.एस्सी. चालेल. एम.एस्सी.चे जादा गुण मिळणार नाहीत. हा विषय शाळेत नाही."

"केमिस्ट्री आहे ना शाळेत?"

"ही केमिस्ट्री नाही. ही बायोकेमिस्ट्री आहे."

पुढं एका ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्राच्या जागेसाठी मुलाखत होती. समोर तिघं बसले होते. मधले गृहस्थ म्हणाले, "तुम्ही बायोलॉजीवाल्या." पंधरा दिवसांनी दुसऱ्या कॉलेजात जीवशास्त्राच्या जागेसाठी गेले. तिथल्या बाई म्हणाल्या, "तुम्ही तर केमिस्ट्रीच्या." मी बाहेर आले आणि क्रांती चौकापर्यंत चालत गेले. रिक्षाही करावीशी वाटेना. अण्णांचा तो पहिला प्रश्न मला मूर्खपणाचा वाटला होता. आता सगळं शहर मला तोच विचारत होतं.

वाळूजला एका औषधाच्या कारखान्यात बोलावणं आलं. तिथले साहेब सभ्य होते. त्यांनी चहा मागवला आणि विचारलं, "एचपीएलसीवर काम केलंय?"

"आमच्या विभागात होतं."

"तुम्ही स्वतः किती नमुने चालवलेत?"

मी खोटं बोलले असते तर कदाचित जमलं असतं. पण मला त्या क्षणी ते जांभळं कापडच दिसलं. "एकही नाही," मी म्हटलं. साहेबांनी हसून मान हलवली. चहा मात्र पिऊन जायला सांगितलं.

मग उरल्या रक्त-लघवी तपासायच्या प्रयोगशाळा. शहरात तेव्हा त्या जागोजागी निघत होत्या. एका ठिकाणी सांगितलं, डीएमएलटी पाहिजे. म्हणजे टेक्निशियनचा पदविका अभ्यासक्रम. मी म्हटलं, माझं शिक्षण त्याच्या पुढचं आहे. त्यांनी सांगितलं, पुढचं असेल, पण ते नाही. आमच्या चौदा जणांपैकी एव्हाना एक जण विम्याचं काम करत होता, एक हैदराबादला गेली होती, आणि तिघींची लग्नं ठरली होती. उंदराचं यकृत मिळालेली मैत्रीण त्या तिघींतली.

शेवटी सिडकोतल्या एका लॅबमध्ये मला घेतलं. मालक डॉक्टर होते, वयानं पन्नाशीचे, घाईत असलेले. त्यांनी माझी पदवी बघितली, पुन्हा बघितली आणि म्हणाले, "साखर, युरिया, क्रिएटिनिन एवढं बघायचं. डोकं फार चालवायचं नाही." मी हो म्हटलं. एव्हाना मी कशालाही हो म्हटलं असतं.

लॅबमध्ये एक वयस्कर टेक्निशियन होते. छावणी भागात राहायचे, सायकलवर यायचे. सगळे त्यांना चाचा म्हणत. त्यांचा हात इतका हलका होता की सुई गेल्याचं लहान लेकरालाही कळायचं नाही. मला यंत्र शिकवलं ते त्यांनी. मी प्रत्येक गोष्टीला का म्हणून विचारायची, त्यावर ते म्हणायचे, "बेटा, मशीन जो बोलती वहीच लिखनेका. अपन डॉक्टर हैं क्या?"

लॅबचं पैठणला एक कलेक्शन सेंटर होतं. बसस्टँडजवळच्या एका गाळ्यात एक माणूस सकाळी लोकांचं रक्त घ्यायचा, नळ्या थर्मासात भरून एसटीच्या कंडक्टरकडं द्यायचा, आणि आमचा शिपाई इथल्या स्टँडवरून तो थर्मास आणायचा. दुपारी आम्ही ते नमुने चालवायचो. पैठणचे नमुने आले की चाचा कपाळाला हात लावायचे. एसटीत हिंदकळून बऱ्याच नळ्यांतलं वरचं पाणी तांबूस झालेलं असायचं, आणि पोटॅशियम कुणाचंही काढलं तरी वाढलेलं. मी एकदा डॉक्टरांना म्हटलं, "पैठणच्याच लोकांचं असं का येतं?"

डॉक्टर सह्या करत म्हणाले, "तिकडच्या पाण्यात असेल."

माझं डोकं फिरलं. पण हो म्हटलं आणि माझ्या जागेवर जाऊन बसले. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढं जे झालं त्यात माझाही वाटा आहे.

त्या उन्हाळ्यात आत्याच्या पायाच्या करंगळीला चपलेचं घासलं. जखम भरेना. पैठणच्या डॉक्टरांनी रक्तातली साखर बघायला सांगितलं. आत्यानं त्या गाळ्यात रक्त दिलं आणि मला शेजारच्यांच्या फोनवरून कळवलं की तुझ्याकडंच येतंय, नीट बघ. दुपारी तिच्या नावाची नळी माझ्या हातात आली. मी स्वतः चालवली. एकशे सहा. तेव्हा उपाशीपोटी एकशे दहापर्यंत ठीक धरायचे. मी आनंदानं फोन केला. "आत्या, साखर नाही. काळजी करू नको."

"मंग जखम का भरंना?"

"मलम लाव. भरेल."

दोन महिन्यांनी तिनं पुन्हा रक्त दिलं. एकशे दहा. अगदी काठावर. मी पुन्हा ठीक आहे म्हणून कळवलं.

पोळ्याला गावी गेले तेव्हा आत्या आली होती. मला ओळखू येईना. गालाची हाडं वर आलेली, ब्लाउज खांद्यावरून उतरत होता. गप्पा मारता मारता तिनं तांब्याभर पाणी संपवलं, थोड्या वेळानं पुन्हा एक. मी पाय बघू म्हटलं. तिनं फडकं सोडलं. करंगळी काळी पडली होती.

आमच्या आईला वाटलं, उन्हाळ्यात कुणाच्या लग्नघरी फार राबली असेल. अण्णांना वाटलं, उन्हाळा बाधला. मला मात्र ती भिंतीवरची दहा पायऱ्यांची साखळी समोर दिसायला लागली. ही बाई मधुमेहाची आहे हे माझ्या पुस्तकातलं पहिलं पान सांगत होतं, आणि माझ्याच हातचा आकडा ते नाही म्हणत होता.

दुसऱ्या दिवशी आत्याला एसटीत घालून मी शहरात आणलं. ती वाटभर कुरकुरत होती. "दोनदा तपासलं की. आता काय रगत इकायचं हाय का माझं?" सकाळी उपाशीपोटी चाचांनी तिचं रक्त घेतलं. मी नळी हातातच धरून उभी राहिले, रक्त गोठताक्षणी फिरवलं, वरचा द्रव लगेच वेगळा केला, लगेच चालवला.

एकशे शहाऐंशी.

चाचांनी पुन्हा चालवला. तोच आकडा.

मी पैठणच्या गाळ्यातल्या माणसाला फोन लावला. त्याला विचारलं, "तुम्ही रक्त किती वाजता घेता?"

"सातपास्नं."

"आणि गाडीत कधी देता?"

"ताई, धा-बारा नमुने झाल्याबिगर काय पाठवावं? नऊची गाडी असती. कधी साडेनऊ."

नऊची गाडी इकडं अकराला. शिपाई आणणार साडेअकराला. त्याच्या आधी इथल्या पेशंटचे नमुने लावायचे, कारण ते समोर बसून ओरडतात. पैठणचं रक्त फिरवायला एक वाजायचा. सहा तास. उन्हाळ्यात, बर्फ असला तर असला. आणि सहा तास त्या नळीतल्या रक्तपेशी जिवंतच होत्या. त्या काय करत होत्या? साखर खात होत्या. मला तोंडपाठ असलेल्या दहाच्या दहा पायऱ्या त्या नळीत बसून उतरत होत्या. मी परीक्षेत यावर सोळा गुणांचं उत्तर लिहिलं होतं. पण थर्मास हातात घेताना एकदाही मला सरांनी शिकवलेला प्रश्न सुचला नाही: हे घेतलं कधी?

मी तो फोन खाली ठेवला तेव्हा राग कुणाचा यावा हेच कळेना. डॉक्टरांचा, त्या गाळ्यातल्या माणसाचा, का माझा? सगळ्यांत जास्त माझाच आला.

डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, "दोन महिन्यांत वाढली असेल साखर. तुमच्या घरची बाई आहे म्हणून तुम्ही अस्वस्थ आहात."

"डॉक्टर, रक्त फिरवायला उशीर झाला की साखर उतरते. पुस्तकात आहे."

"मला पुस्तक शिकवू नका. तुम्ही एम.एस्सी. आहात. पेशंटचं तुम्हाला काय कळणार?"

दुसऱ्या दिवशी नाश्ता करून आले आणि चाचांना म्हटलं, माझं रक्त घ्या. त्यांनी घेतलं. दोन नळ्यांत सारखं वाटलं. एक लगेच फिरवली, एक खिडकीत ठेवून दिली. चाचांनी काही न विचारता बाही वर केली, "मेरा भी ले." त्यांच्याही दोन नळ्या केल्या. सगळ्यांवर वेळ लिहिली.

लगेच फिरवलेलं माझं रक्त, एकशे बारा. दुपारी अडीचला खिडकीतलं, चौसष्ट. चाचांचं त्याहून खाली. चाचा कागद बघून म्हणाले, "इत्ती कम शुगर में तो मैं सायकल पे से गिर जाता." मग हसले नाहीत. बराच वेळ ते हाताची बोटं मोडत बसले होते. पैठणचे नमुने मी येण्याच्या आधीपासून त्यांच्याच हातून जात होते.

डॉक्टरांनी कागद बघितला आणि म्हणाले, यंत्राची चूक असेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा केलं. ते म्हणाले, उन्हात ठेवलं असेल. तिसऱ्या दिवशी मी नळी उन्हात न ठेवता सावलीत ठेवली आणि त्यांच्या टेबलासमोर उभी राहून म्हटलं, "आज तुमचं रक्त द्या, डॉक्टर. नळ्या तुमच्याच टेबलावर राहतील."

ते चिडले. पण बाही वर केली. एक नळी लगेच फिरवली, दुसरी दुपारभर त्यांच्या पेनस्टँडमध्ये उभी होती. पेशंटचे नातेवाईक येत होते, जात होते, ते सह्या करत होते आणि मधूनमधून तिच्याकडं बघत होते. तीन वाजता आम्ही आकडा सांगितला. त्यांनी चष्मा काढला. तो टेबलावर ठेवून म्हणाले, "पैठणचे रिपोर्ट कधीपासून देतोय आपण?"

"चार वर्षं होत आली," चाचा म्हणाले.

मग डॉक्टर उठले आणि आपल्या खोलीतल्या कपाटाच्या वरच्या कप्प्यातून एक खोकं काढलं. त्यावर धूळ होती. आत करड्या झाकणाच्या नळ्या होत्या, खास साखरेसाठीच्या. त्यांत एक भुकटी असते, फ्लोराइडची, तिच्यानं पेशी साखर खायच्या थांबतात. कंपनीचा माणूस केव्हातरी देऊन गेला होता. "झाकणाचा रंग वेगळा, पैठणला गोंधळ होईल, म्हणून काढल्या नव्हत्या," ते म्हणाले. चाचांनी माझ्या हाताला हलकेच धरलं नसतं तर मी काय बोलले असते सांगता येत नाही.

एक मात्र मान्य करायला हवं. त्यानंतर ते डगमगले नाहीत. जुन्या रिपोर्टांतून पैठणच्या ज्या लोकांची साखर काठावर होती त्यांची नावं मी आणि चाचांनी काढली. एका रविवारी डॉक्टर स्वतः सेंट्रीफ्यूज गाडीत घालून आमच्याबरोबर पैठणला आले आणि त्या गाळ्यात बसून सगळ्यांचं रक्त पुन्हा घेतलं, तिथंच फिरवलं. पाच जणांची साखर चांगलीच वाढलेली निघाली. डॉक्टर त्यांच्याशी बोलताना शब्द शोधत होते. एक विणकर म्हातारा म्हणाला, "म्हंजी आधीचं रगत कुणाचं तपासलं व्हतं, साहेब?" डॉक्टर म्हणाले, "तुमचंच होतं. आम्ही उशिरा तपासलं." एवढं सरळ उत्तर त्यांच्याकडून येईल असं मला वाटलं नव्हतं.

आत्याची करंगळी काढावी लागली. दवाखान्यात ती भिंतीकडं तोंड करून पडली होती. मी सगळं सांगितलं. रक्त किती वाजता घेतलं, किती वाजता फिरवलं, सगळं.

"म्हंजी तूच तपासलंतंस व्हय?"

"हो. मीच."

"दोन्ही येळंला?"

"दोन्ही वेळेला."

मला वाटलं, म्हणेल की जाऊ दे पोरी. तसं काही ती म्हणाली नाही. "मंग दुसऱ्या येळंला तरी नीट बघायचं व्हतंस," ती म्हणाली आणि पांघरूण डोक्यावर ओढून घेतलं.

हे वाक्य तिनं मला पुढं पंधरा वर्षं ऐकवलं. लग्नकार्यात, पाहुण्यांसमोर, कधी हसत, कधी खरोखर रागानं. साखर तिनं कधीच नीट सांभाळली नाही. गुळाचा चहा सोडला नाही. मी गोळ्या घेतल्यास का विचारलं की म्हणायची, "तुझं तू बघ." मी वैतागून फोन ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा करायची.

लॅबमध्ये मी आठ वर्षं होते. डॉक्टरांनी डोकं चालवू नका असं पुन्हा कधी म्हटलं नाही. पगाराच्या पाकिटावर मात्र माझ्या नावापुढं शेवटपर्यंत 'टेक्निशियन' असंच लिहिलेलं होतं, आणि त्याखाली चाचा हसून सही करायला सांगायचे. पुढं शहरातल्या एका कॉलेजात बायोकेमिस्ट्रीचा पदव्युत्तर वर्ग सुरू झाला तेव्हा त्यांना कुणीतरी याच विषयाचं हवं होतं. पहिल्यांदाच माझी पदवी आहे तशी चालली. मी तिथं शिकवायला लागले.

अभ्यासक्रम ठरवायच्या बैठकीत मी सुचवलं, एक प्रॅक्टिकल असं ठेवूया की मुलांनी रक्ताचा नमुना सहा तास ठेवून त्यातली साखर दर तासाला मोजायची. एका ज्येष्ठ सदस्यांनी कागद चाळत विचारलं, "यात पदव्युत्तर पातळीचं काय आहे? हे तर टेक्निशियनचं काम." बाकीच्यांनी माना डोलावल्या. चहा आला. विषय पुढं गेला.

मग मी ते शनिवारी घेते. वेळापत्रकात नाही, गुण नाहीत, म्हणून मुलं कुरकुर करतात. निम्मी येत नाहीत. जी येतात त्यांतली एक तरी दर वर्षी विचारते, "मॅडम, हे परीक्षेला आहे का?" मी चिडून नाही म्हणते, आणि तिच्या हातात लिहायला कागद आणि पहिली नळी देते.